दहा सेकंदांचे वृत्त

ध्वनीचा तुकडा टिपून तो कळांवर वाजवू देणारे यंत्र म्हणजे सॅम्पलर. ई-म्यू कंपनीच्या १९८७ सालच्या एसपी-१२०० मध्ये त्यासाठी जेमतेम १० सेकंदांची जागा होती. म्हणून हिप-हॉप संगीतकार ३३ फेऱ्यांची तबकडी ४५च्या गतीने वाजवून टिपत आणि यंत्रात तिचा वेग उतरवत. जागा वाचे, शिवाय ध्वनीला येणारा खरखरीत पोत त्या काळच्या हिप-हॉपची ओळख ठरला. घरच्या स्टुडिओत अधिक मेमरीचे यंत्र आणणे गैर नाही. मात्र काय ठेवावे, काय गाळावे, हा यंत्राने लादलेला निर्णय मग संगीतकाराला आपणहून घ्यावा लागतो. मुक्तछंद लिहिणाऱ्या कवीला ही जबाबदारी परिचित आहे: वृत्त सुटले, तरी शब्द गाळण्याचे काम त्याच्याकडेच उरते.