बालकाच्या मुखी जाणारे औषध

खेडेगावी माता आपले मूल अंगणवाडीच्या स्वाधीन करून शेताची वाट धरते, तेव्हा त्याच्या मुखी जाणाऱ्या औषधाची जबाबदारीही ती विश्वासाने सोपवीत असते. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील कापसी-कोपरी येथे १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. बालके सुदैवाने बचावली, कर्मचारी निलंबित झाले, परंतु बाटलीवरील नाव वाचूनच ती उघडण्याची शिस्त निलंबनाच्या हुकुमाने रुजत नाही. हीच शिस्त मात्रेचीही: जंतनाशक अल्बेंडॅझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी एक ते दोन वर्षांच्या बालकास अर्धीच, तीही चुरून पाण्यातून, आणि ते आजारी असल्यास त्या दिवशी मुळीच नाही, हे तारतम्य अल्प मानधनावर राबणाऱ्या अंगणवाडी सेविकेस वारंवार शिकविण्यात, आमच्या मते, सरकारने दिरंगाई करू नये.