‘चाला’ म्हणता, पण कुठे?

मधुमेहाच्या रुग्णाला तपासून झाले, की औषधाच्या चिठ्ठीच्या शेवटी मी एक ओळ लिहितो : ‘रोज अर्धा तास चालणे.’ माझ्या रुग्णांपैकी ६२ वर्षांच्या एका काकूंनी ती ओळ फारच मनावर घेतली होती. गुडघे कुरकुरत, तरी त्या नेमाने संध्याकाळी बाहेर पडत. आहार सांभाळला, गोळ्या वेळेवर घेतल्या आणि वर्षभरात तीन महिन्यांची सरासरी साखर आठच्या वरून सातच्या खाली आणली. मग एके दिवशी त्या मुलाबरोबर आल्या त्या मनगटाला प्लास्टर घालून. पदपथाची फरशी उखडलेली, म्हणून त्या रस्त्यावर उतरल्या. मागून दुचाकी अंगावर आली, त्या दचकल्या आणि पडल्या. ‘‘डॉक्टर, आता चालायचं ते घरातल्या घरात,’’ त्या म्हणाल्या. चिठ्ठीवर नेहमीची ओळ लिहिताना त्या दिवशी माझा हात थांबला.

ती ओळ चुकीची आहे का? मुळीच नाही. चालण्याच्या बाजूने उभा असलेला पुरावा जुना आणि भक्कम आहे. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला आणि तो १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. चालक दिवसभर बसून, तर वाहक तिकिटे फाडत जिना चढतो-उतरतो. एकाच बसमध्ये काम करणाऱ्या या दोघांपैकी वाहकांना हृदयविकार कमी होता आणि झालाच तर तो उशिरा व कमी घातक स्वरूपात होता. पायी फिरून टपाल वाटणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कारकून यांच्यातही असाच फरक आढळला. पुढे मॉरिस यांनीच स्वतःच्या निष्कर्षाला प्रश्न विचारला. कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली तेव्हा चालकांची कंबर मुळातच जास्त भरली. म्हणजे सगळा फरक जिन्याचा नव्हता. पण त्यानंतरच्या सात दशकांत वेगवेगळ्या देशांतील अभ्यासांनी मूळ सूत्र कायम ठेवले : हालचाल हृदय राखते. मॉरिस स्वतः म्हातारपणीही व्यायाम करत राहिले आणि ९९ वर्षे जगले. एका माणसाचे आयुष्य हा पुरावा नव्हे, पण डॉक्टराने सांगितलेले स्वतः पाळले, एवढे मात्र त्यातून दिसते.

मग किती चालायचे? मोबाइल आणि मनगटावरची घड्याळे सांगतात, १० हजार पावले. हा आकडा कोणत्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजण्याचे यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव होते ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. नाव लोकांच्या तोंडी बसले आणि जाहिरातीतला आकडा पुढे जणू वैद्यकीय नियम होऊन बसला. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६ हजारांहून अधिक स्त्रियांची पावले यंत्राने मोजून केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांमध्ये पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होते. फायदा साधारण ७,५०० पावलांपर्यंत वाढत गेला आणि मग स्थिरावला. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. जे मुळात धडधाकट ते जास्त चालतात, हेही त्यात असणार. तरी आपल्यापुरता बोध स्पष्ट आहे. दहा हजार झाली नाहीत म्हणून दिवस वाया गेला, असे मानायचे कारण नाही. दोन हजारांवरून चार हजारांवर जाणाऱ्याच्या पदरात मोठे माप पडते.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे किती? चालताना शेजारच्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग. कोपऱ्यावर थांबून गप्पा, मग चहा-पोहे आणि रिक्षाने घरी, हा ‘मॉर्निंग वॉक’ मैत्रीसाठी उत्तम, हृदयासाठी अपुरा.

आपल्याकडे चालण्याची आणखी एक जुनी रीत आहे, शतपावली. तिला आजच्या विज्ञानाचा चांगला आधार मिळाला आहे. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाने टाइप-२ मधुमेहाच्या ४१ रुग्णांवर केलेला प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. काही दिवस त्यांना रोज केव्हाही सलग ३० मिनिटे चालायला सांगितले, काही दिवस प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा-दहा मिनिटे. एकूण वेळ तेवढाच. पण जेवणानंतर चालल्यावर साखरेची उसळी सरासरी १२ टक्क्यांनी आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी कमी राहिली. कारण सोपे आहे. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते इन्सुलिनची फारशी वाट न पाहताही रक्तातली साखर आत ओढून घेतात. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरात हे मागचे दार उघडणे फार मोलाचे. रात्री उशिरा जेवून थेट सोफ्यावर बसणाऱ्या आपल्या घरांनी ही दहा मिनिटे परत मिळवायला हवीत.

चालण्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. खाणे तसेच ठेवून निव्वळ चालण्याने वजन फारसे उतरत नाही. चालण्याने दंड, खांदे, पाठ बळकट होत नाहीत, म्हणून आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचे व्यायाम हवेतच. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे हीदेखील सुरुवात आहे. पहाटे तासभर चालून उरलेला दिवस खुर्चीला चिकटून काढणाऱ्यानेही अधूनमधून उठायलाच हवे. मधुमेहाने तळपायाची संवेदना कमी झालेल्यांनी अनवाणी चालू नये, हिरवळीवरही नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. चालताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अशी लक्षणे जाणवली तर थांबावे आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

एवढे सांगून माझे काम संपले असे मी इतकी वर्षे मानत आलो. काकूंच्या मनगटाने ते खोटे ठरवले. डॉक्टरने लिहिलेले औषध बाजारात मिळत नसेल किंवा मिळणारे भेसळीचे असेल, तर आपण आरडाओरड करतो. चालणे हे औषध असेल, तर ते मिळण्याची जागा म्हणजे रस्ता आणि पदपथ. तिथली भेसळ आपण निमूट सोसतो. पदपथावर रोहित्राची पेटी, दुचाकींची रांग, दुकानाची पाटी, अर्धवट सोडलेले खोदकाम आणि दर दहा पावलांवर बंगल्याच्या फाटकासाठी केलेला उतार. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतील ३२,८२५ पादचारी होती. मेलेल्यांपैकी जवळजवळ दर पाचवा माणूस पायी चालणारा.

दुसरीकडे, भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. पुढच्याच वर्षीच्या एका जागतिक अभ्यासानुसार निम्मे भारतीय प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांत ५७ टक्के. यावर ‘लोक आळशी झाले’ असे म्हणून मोकळे होता येते. पण पुरुष आणि स्त्रिया यांच्यातला १५ टक्क्यांचा फरक आळसाने कसा समजावून सांगणार? अंधाऱ्या रस्त्यावर, स्वच्छतागृह नसलेल्या बागेत, घरचे सगळे आवरून उरलेल्या वेळेत बाईने कुठे चालायचे, हा प्रश्न इच्छाशक्तीचा नाही.

उपाय कुणाला माहीत नाहीत असेही नाही. पदपथ रस्त्यापासून १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावा, निवासी भागात चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी, हे भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेले आहे. पुणे महापालिकेने २०१६ मध्येच पादचारी धोरण स्वीकारले. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाले, तेव्हा तिथे आजी-आजोबा, मुले, चाकाची खुर्ची वापरणारे दिसू लागले. ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग पादचारी दिनासाठी वाहनमुक्त होतो, तेव्हा लोक रस्त्याच्या मधोमध चालतात आणि जरा बावरलेलेच असतात. वर्षातला एक दिवस मोकळेपणाने चालायला मिळाल्याचे अप्रूप वाटावे, यातच उरलेल्या ३६४ दिवसांची गोष्ट आली. मे २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त पदपथ हा घटनेच्या कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले.

म्हणून माझे म्हणणे असे, की पदपथ हे बांधकाम खात्याबरोबरच आरोग्य खात्याचेही काम मानावे. उड्डाणपुलाच्या कोनशिलेला जी किंमत आहे, ती सलग, सपाट, उजेडाच्या एक किलोमीटर पदपथाला यावी. प्रत्येक प्रभागात निदान एक असा फेरा असावा, जिथे सत्तरीची व्यक्ती एकदाही रस्त्यावर न उतरता अर्धा तास चालू शकेल. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला ‘आमच्या गल्लीत पदपथ कधी?’ हे विचारावे. आणि डॉक्टरांनीही नुसते ‘चाला’ म्हणून थांबू नये, ‘तुम्ही कुठे चालता?’ हे विचारावे.

आपल्यालाही स्वतःकडे पाहावे लागेल. पदपथावर उभी असलेली दुचाकी कुणाची तरी असते. कधी माझी, कधी तुमची. ‘दोनच मिनिटे लावली आहे’ म्हणताना त्या दोन मिनिटांत एखाद्या म्हाताऱ्या माणसाला आपण रस्त्यावर उतरवलेले असते.

काकूंचे प्लास्टर निघाले. त्या आता रात्री जेवून सोसायटीच्या वाहनतळात, गाड्यांच्या दोन रांगांमधून दहा मिनिटे फेऱ्या मारतात. साखर अजून आटोक्यात आहे. मागच्या भेटीत त्यांनी वॉर्ड ऑफिसला दिलेल्या अर्जाची प्रत दाखवली. उखडलेल्या फरशीचा फोटो जोडलेला, खाली इमारतीतल्या ३१ जणांच्या सह्या. ‘‘तुमची पण सही हवी डॉक्टर, चालायला तुम्हीच सांगितलंत ना?’’ मी सही केली. ती चिठ्ठीवरच्या त्या एका ओळीइतकीच माझ्या कामाचा भाग होती.