अठाईआधी एक तपासणी



गेल्या पर्युषणात आमच्या जाऊबाईंनी अठाई करायचं ठरवलं. पंधरा वर्षांचा मधुमेह, त्यात गुडघ्यांसाठी रोज वेदनाशामक गोळ्या. मी हट्टाने त्यांना पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात नेलं. रक्तातलं क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन तपासलं. मूत्रपिंडाचं काम निम्म्याहून खाली आलेलं, आणि त्रास काहीच नाही! हिशेब तपासल्याशिवाय दुकानातला तोटा कळत नाही, तसंच हे.

अठाई राहिली म्हणून त्या रडल्या. पण अनशन हे सहा बाह्य तपांपैकी एक. ऊणोदरी, रसत्याग हीही तपंच. पापड, लोणचं, फरसाण जन्मभर सोडणं काय सोपं आहे? सैंधवही मीठच, आणि ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. तेही त्यांना वर्ज्य.

मधुमेह किंवा बीपी असलेल्या बहिणींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवासाचं पच्चक्खाण घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.