जमिनीचा हक्क आधी, मल्टी नंतर

इंदूरमध्ये कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला घर मिळवून देण्याचे सरकारी मार्ग दोन आहेत. एका मार्गात शासकीय यंत्रणा शहराच्या कडेला बहुमजली इमारत बांधते आणि तयार सदनिका वाटते. इंदुरी बोलीत तिला ‘मल्टी’ म्हणतात. दुसऱ्या मार्गात कुटुंबाला जमिनीचा हक्क, नळ, गटार आणि थोडे अनुदान मिळते. घर ते स्वतः बांधते, ऐपतीप्रमाणे वाढवते, दुरुस्त करते. मल्टीचे भूमिपूजन होते, लोकार्पण होते, म्हणून तिची चर्चा होते. शहरातल्या बहुतेक कष्टकरी वस्त्या मात्र खोलीमागून खोली अशाच वाढल्या आहेत, आणि या वाढीला हात देण्याचे काम इंदूरने पूर्वी अनेक वेळा चांगले केले आहे. ते काम आज मागे पडले आहे. नगर निगम, विकास प्राधिकरण आणि राज्य शासन यांनी ते पुन्हा पुढे आणावे, ही या पत्रकाची मागणी आहे.

या परंपरेचा आरंभ होळकरशाहीतला आहे. दरबाराच्या निमंत्रणावरून स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस इंदूरला आले आणि 1918 मध्ये त्यांचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. प्लेगने ग्रासलेल्या शहरात जुने मोहल्ले पाडून सरळ रस्ते काढावेत, हा त्या काळातला रूढ उपाय होता. गेडीस यांनी त्याला विरोध केला. मोजकी पडकी घरे काढायची, चौक मोकळे करायचे, विहिरी व झाडे जपायची आणि उरलेली घरे दुरुस्त करायची, अशी त्यांची पद्धत होती. त्यांनी दिवाळीची मिरवणूकही योजली. ज्या रस्त्यांवरील रहिवासी घरे स्वच्छ व दुरुस्त करतील त्याच रस्त्यांनी ती जाईल, असे त्यांनी आधी जाहीर केले. लोकांनी घरे झाडली, रंगवली, डागडुजी केली. घरसुधारणेचा सार्वजनिक कार्यक्रम या शहरात शंभर वर्षांपूर्वी असा यशस्वी झाला होता.

स्वातंत्र्यानंतर गिरणी कामगारांसाठी नंदानगरसारख्या वसाहती वसल्या. पुढे गृहनिर्माण मंडळाने उत्पन्नगटांनुसार घरे बांधली. एलआयजी चौराहा, एमआयजी कॉलनी ही नावे तेव्हापासून इतकी रुळली की त्यामागे सरकारी वर्गवारी आहे हे आता कोणाच्या लक्षातही येत नाही. एके काळी निम्न व मध्यम उत्पन्नगटांसाठी निवडलेल्या त्या जागा आज शहराच्या मध्यात आहेत. गरिबांना दिलेली जमीन शहराच्या वाढीच्या वाटेवर असली, तर त्या कुटुंबाची पुढची पिढी वर येते, ही गोष्ट तिथे डोळ्यांनी पाहता येते.

सर्वांत विचारपूर्वक झालेला प्रयोग अरण्यचा. 1980 च्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणाने आग्रा-मुंबई रस्त्यालगतच्या सुमारे 85 हेक्टर जमिनीची आखणी बाळकृष्ण दोशी यांच्या वास्तुशिल्प फाउंडेशनकडे सोपवली. तिथे सुमारे 6,500 भूखंड पाडले गेले. त्यांतला मोठा हिस्सा आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटासाठी होता आणि सर्वांत लहान भूखंड 35 चौरस मीटरचा होता. त्यावर प्राधिकरणाने जोते बांधून दिले, संडास-न्हाणीचा गाभा दिला, पाणी आणि गटार आणून सोडले. बाकीचे घर कुटुंबाचे. काय काय शक्य आहे हे दिसावे म्हणून 80 नमुना घरे उभारली गेली. त्यांत ओटे, जिने, सज्जे, छोटी गच्ची असे माळव्यातल्या घराला साजणारे सर्व घटक होते. मोठे व व्यापारी भूखंड बाजारभावाने विकून आलेल्या पैशातून लहान भूखंडांचा भार हलका केला गेला. दुकाने, शाळा, मोकळ्या जागा आणि वेगवेगळ्या उत्पन्नाची कुटुंबे एकाच आराखड्यात राहिली. 1995 मध्ये अरण्यला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला आणि 2018 मध्ये दोशींना प्रित्झ्कर सन्मान मिळाला तेव्हा जगभर पुन्हा याच वसाहतीची आठवण निघाली.

अरण्यवर आक्षेप घेतला जातो की बऱ्याच मूळ धारकांनी भूखंड विकले आणि तिथे अधिक सधन लोक आले. आक्षेपात तथ्य आहे. पण ज्याने विकले त्याच्या हाती किंमत आली, कारण त्याच्याकडे विकण्याजोगा हक्क होता. विक्रीला उपाय हवा असेल तर तो ठरावीक वर्षांच्या बंदीचा आणि नव्या भूखंडांच्या सतत पुरवठ्याचा आहे. अरण्यसारखी दुसरी वसाहत इतक्या व्याप्तीने इंदूरमध्ये पुन्हा झाली नाही, हे खरे अपयश आहे आणि ते धोरणाचे आहे.

दुसरा मोठा प्रयोग होता बस्त्या, म्हणजे झोपडपट्ट्या, जागेवरच सुधारण्याचा. अभियंता हिमांशु पारिख यांनी असे दाखवले की इंदूरच्या बस्त्या बहुतांशी कान्ह व सरस्वती नद्या आणि त्यांना मिळणारे नाले यांच्या काठी आहेत, म्हणजे नेमक्या सांडपाण्याच्या नैसर्गिक उतारावर. गटाराचे जाळे बस्त्यांमधून नेले तर बस्ती आणि शहर दोघांचेही काम एकाच खर्चात होते. ब्रिटिश शासनाच्या अर्थसाह्याने प्राधिकरणाने 1989 ते 1997 या काळात 183 बस्त्यांमध्ये हे काम केले. गल्ल्या फरसबंद झाल्या, झाडे लागली, घरोघरी स्वतंत्र संडास व नळ घेण्याची सोय झाली. 1998 मध्ये यालाही आगा खान पुरस्कार मिळाला. नगररचनाकार गीता दिवाण वर्मा यांनी मात्र ‘स्लमिंग इंडिया’ या 2002 च्या पुस्तकात या प्रकल्पावर कठोर टीका केली: कागदावरचे जाळे आणि जमिनीवरचे गटार यांत अंतर राहिले, गटारे तुंबली, पाणी अपुरे पडले. ही टीका मान्य केली पाहिजे. तिच्यातून निघणारा धडाही सरळ आहे. बस्तीसुधारणा एकदा करून सोडण्याचे काम नसून तिला कायम देखभालीची तरतूद लागते. घरोघरचा कचरा रोज वेगळा करून उचलणाऱ्या आणि 2017 पासून सलग अनेक वर्षे स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या नगर निगमाला ही देखभाल झेपणार नाही, असे कोणी म्हणू नये.

या सर्व कामाच्या मुळाशी जमिनीचा हक्क आहे. मध्य प्रदेशाने 1984 मध्ये नगरीय क्षेत्रांतील भूमिहीन व्यक्तींना पट्टे देणारा कायदा केला. सरकारी जमिनीवर झोपडी असलेल्या कुटुंबाला 50 चौरस मीटरपर्यंतच्या जागेचा पट्टा मिळू लागला. पात्रतेची तारीख पुढे अनेक वेळा वाढवली गेली. पट्टा हाती आला की कुटुंब पत्रे काढून स्लॅब घालते, कारण उद्या बुलडोझर येणार नाही याची खात्री वाटते. परंतु पट्ट्याची वाटणी निवडणुकीच्या हंगामात होते आणि नूतनीकरण वर्षानुवर्षे लोंबकळते. हक्काची गोष्ट मेहेरबानीसारखी वाटली जाते, हे चुकीचे आहे.

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) 25 जून 2015 रोजी सुरू झाली. 2024 मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि स्वतःची जमीन असलेल्या कुटुंबाला घर बांधण्यासाठी केंद्राचे दीड लाख व राज्याचे किमान एक लाख असे अनुदान दुसऱ्या टप्प्यात आहे. रक्कम टप्प्याटप्प्याने मिळते आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र जिओ-टॅग करून पाठवावे लागते. 2015 च्या योजनेत आधीचे घर वाढवण्यालाही मदत होती; अट होती किमान 9 चौरस मीटरच्या वाढीची. निव्वळ दुरुस्तीला, म्हणजे गळते छप्पर, ओल, खचलेली मोरी यांसाठी, काहीच नाही. कर्जावरील व्याजाचे अनुदान दुसऱ्या टप्प्यात जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार रुपये आहे; पण ज्याला बँक कर्जच देत नाही त्या फेरीवाल्याला आणि घरकाम करणाऱ्या बाईला ते कधीच पोचत नाही.

उरतो तयार सदनिकांचा मार्ग. कनाडिया भागातील लाइट हाउस प्रकल्पाची पायाभरणी 1 जानेवारी 2021 रोजी झाली. आधीच तयार केलेल्या सँडविच पॅनेलांच्या तंत्राने तिथे 1,024 घरे उभी राहिली. तंत्र शिकण्याजोगे आहे. ज्यांना इंचभरही जमीन नाही त्यांच्यासाठी अशा इमारती हव्यातच. पण मल्टी हा सगळ्या प्रश्नांचा एकच उपाय मानला गेला की हानी सुरू होते. भंगार वेचणारा आपला माल चौथ्या मजल्यावर नेऊ शकत नाही. शिवणयंत्र, किराण्याची टपरी, शेळी, हातगाडी यांना सदनिकेत जागा नसते. मुलगा लग्नाचा झाला की खोली वाढवता येत नाही. लिफ्ट, पंप आणि जिन्यातला दिवा यांचा मासिक खर्च ज्याच्या अंगावर पडतो त्याची मिळकत रोजंदारीची असते. कामाचे ठिकाण राजवाड्याजवळ आणि घर शहराबाहेर, म्हणजे रिक्षाभाड्यात रोजीचा लचका तोडला जातो.

जुन्या वाड्यांचा प्रश्न याहून दुर्लक्षित आहे, आणि मराठी वाचकाला तो जवळचा आहे. रामबाग, नारायण बाग, मल्हारगंज, जुनी इंदूर या भागांतील लाकडी खांबांचे वाडे पावसाळ्यागणिक खचत आहेत. मालकाच्या नावावर पक्के घर आहे म्हणून आवास योजनेत तो अपात्र. भाडेकरूच्या नावावर जमीन नाही म्हणून घर बांधण्याच्या अनुदानाला तोही अपात्र. भाडे 1961 च्या स्थान नियंत्रण अधिनियमाच्या चौकटीत अडकलेले, त्यामुळे मालक दुरुस्ती करत नाही आणि भाडेकरूला करण्याची हिंमत होत नाही. मग एके दिवशी निगमाची ‘जर्जर भवन’ नोटीस लागते आणि वाडा पाडला जातो. दुरुस्तीसाठी सोपे कर्ज आणि मालक-भाडेकरू यांचा निगमाच्या मध्यस्थीने लेखी करार, एवढ्याने यांतले अनेक वाडे वाचतील.

नोटरीवर घेतलेल्या प्लॉटचे संकट वेगळे आहे. अवैध कॉलन्यांत हजारो कुटुंबांनी आयुष्याची पुंजी नोटरीच्या कागदावर घातली. 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार शंभर रुपयांवरील स्थावराची विक्री रजिस्ट्रीशिवाय पूर्ण होत नाही; म्हणून असा कागद ना बँक मानते, ना आवास योजना. कॉलनी नियमित करण्याच्या घोषणा अनेक झाल्या. घोषणेबरोबर विकास शुल्काचे हप्ते, नकाशा आणि नावावर रजिस्ट्री अशी तिन्ही पावले पडली पाहिजेत.

पैसा कुठून येणार, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर शहरातच आहे. खासगी कॉलनी विकसित करणाऱ्याने दुर्बल गटासाठी जागा राखावी किंवा त्याबदली आश्रय शुल्क भरावे, असा राज्याचा नियम आहे. हे शुल्क किती जमले आणि कोणत्या वॉर्डात खर्च झाले, याचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा. हुकूमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली. सुमारे 4,800 कामगारांचे 224 कोटी रुपये मिळण्यासाठी डिसेंबर 2023 उजाडावा लागला. मिलची साडेबेचाळीस एकर जमीन शहराच्या मध्यात आहे आणि तिच्या विकासाचे काम गृहनिर्माण मंडळाकडे गेले आहे. त्या जमिनीवर कामगारांच्या मिळकतीला परवडणारी घरे किती, हा आकडा मंडळाने लोकांपुढे ठेवला पाहिजे.

प्रत्येक झोन कार्यालयात एक अभियंता आणि एक कायदेविषयक सहायक ठेवून लहान घरांचे नकाशे विनाशुल्क मंजूर करण्याची आणि पट्ट्यांच्या नूतनीकरणाचे व दुरुस्तीचे अर्ज तिथेच घेण्याची व्यवस्था नगर निगम आपल्या अधिकारात करू शकते. 2022 मध्ये निवडून आलेल्या परिषदेची मुदत 2027 मध्ये संपते. शहराच्या 85 वॉर्डांतील नागरिकांनी आपल्या पार्षदाकडे आतापासूनच पट्टे, आश्रय शुल्क आणि वाड्यांची दुरुस्ती या तीन बाबींचा लेखी हिशेब मागावा, आणि जो तो देणार नाही त्याला पुढच्या वेळी मत देऊ नये.