तिसऱ्या घंटेपूर्वीची शिस्त

नाटकाचा पडदा तिसऱ्या घंटेला उघडतो. परंतु प्रयोगाची खरी कसोटी त्याआधी दोन-तीन तास रंगपटात लागलेली असते. कोणत्या कलावंताने किती वाजता यावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक, व्यवस्थापकाच्या वहीपुरता वाटतो. प्रत्यक्षात त्या वहीतच संस्थेचे संस्कार उमटलेले असतात.

आपल्या कित्येक हौशी संस्थांत एक सोपी रीत रूढ आहे. प्रयोग रात्री साडेआठचा, तर सर्वांनी चारला हजर! मग तिसऱ्या अंकात एकच प्रवेश असलेला तरुण अर्ध्या दिवसाची रजा टाकून येतो आणि कोपऱ्यात ताटकळत बसतो. पुढच्या वेळी तो सहाला येतो, त्यापुढच्या वेळी येतच नाही. व्यावसायिक रंगभूमीवर याउलट चित्र दिसते. मालिकेचे चित्रीकरण आटोपून धावत आलेला नट दुसऱ्या घंटेला रंगपटात शिरतो आणि तोवर साऱ्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. दोन्ही विकृतींचे मूळ एकच. दुसऱ्याच्या वेळेविषयीची बेपर्वाई.

यावर उपाय साध्या गणिताचा आहे. रंगभूषाकार एक, पात्रे बारा आणि प्रत्येकाला पंधरा मिनिटे, म्हणजे तीन तास झाले. दाढी-मिशा, टोप आणि नऊवारी असलेल्यांना अधिक वेळ लागणार. तेव्हा त्यांना आधी बोलवावे, साध्या वेशातल्यांना नंतर. आपल्या नाट्यगृहांत सकाळ, दुपार, रात्र अशी सत्रे असतात. आधीचा प्रयोग संपून रंगपट रिकामा होईपर्यंत कलावंतांना बोलावण्यात अर्थ नाही. लोकलगाडीचा वा वाहतुकीचा खोळंबा गृहीत धरून अर्धा तास राखून ठेवला, की वेळापत्रक सिद्ध झाले.

ही दृष्टी आपल्या परंपरेला अपरिचित नाही. कोकणातील दशावतारात आधी गणपती, संकासुर यांचा आडदशावतार रंगतो आणि आख्यान त्यानंतर येते. शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे यांच्या 'जाणता राजा'त तर शेकडो कलावंत आणि त्यांच्या जोडीला हत्ती-घोडे! प्रत्येकाचे स्थान आणि क्षण नेमून दिल्यावाचून असा व्याप पेलणे अशक्यच.

सर्वांना एकत्र बोलावल्याने संघभावना वाढते, असा युक्तिवाद केला जातो. संघभावना ताटकळण्यातून निर्माण होत नाही. तिच्यासाठी पडदा उघडण्यापूर्वी अर्धा तास ही एक वेळ सर्वांना समान असावी. त्या वेळी नायकापासून प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या साहाय्यकापर्यंत सर्वांनी रंगमंचावर नारळ वाढवण्यास उपस्थित राहावे. आणि एक पथ्य अटळ मानावे. वहीत लिहिलेली वेळ भालदारालाही बांधील आणि नायकालाही!

हौशी रंगभूमी नोकरी-संसार सांभाळून येणाऱ्या माणसांवर उभी आहे. मानधन देणे तिला क्वचितच परवडते. त्यांच्या वेळेचा मान मात्र ती नक्कीच राखू शकते. तेवढेही न करणाऱ्या संस्थांनी नवे कलावंत मिळत नाहीत, अशी खंत करू नये.