सूर्य सगळ्यांचा, पण वही कोणाकडे?



आपल्या जिल्ह्यात सध्या कुठेही जा, सोलरचाच विषय. कौडगावला महानिर्मितीचा ५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, वर दरसाल तीन टक्के वाढ. आपल्याकडच्या कोरडवाहू रानाला एवढं हमखास उत्पन्न कुठलं पीक देतं? शिवाय दिवसा वीज मिळाली की रात्री मोटार चालू करायला विंचूकाट्यातून जाणं वाचतं. चांगलंच आहे. फक्त याला ‘गावाची वीज’ म्हणू नये. जमीन आपली, पॅनेल दुसऱ्याचं, तारा महावितरणच्या. आपण नुसते घरमालक!

गावाची वीज म्हणजे जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीसारखी. २०१२ साली ‘ग्राम ऊर्जा’ने बॉश कंपनीच्या मदतीने तिथे ९.४ किलोवॅटचा प्रकल्प उभारला, ३९ घरांसाठी. घरोघरी मीटर बसवले, आणि पैसे गोळा करायचं काम गावाच्याच ट्रस्टकडे दिलं. मला यातलं मीटर आणि ट्रस्ट जास्त महत्त्वाचं वाटतं. मी कॉमर्सची, त्यामुळे पॅनेल बघितलं की आधी घसारा आठवतो. पॅनेल वीस-पंचवीस वर्षं चालतं, साधी बॅटरी पाच-सात वर्षांत संपते. ३९ घरांनी महिन्याला शंभर रुपये नुसते बॅटरीसाठी बाजूला टाकले, तर वर्षाचे ४६,८०० आणि सहा वर्षांचे २,८०,८०० होतात. हे टाकले नाहीत तर उद्घाटनाचा फोटो राहतो आणि गाव पुन्हा अंधारात.

आपल्या मंदिरातली लग्नकार्याची भांडी आठवा. मोठी पातेली, झारे, परातींचा ढीग. वर्षानुवर्षं टिकली ती का? वहीत नोंद होते, थोडं भाडं घेतलं जातं, परत आणताना मोजून घेतात. कुणाच्या घरचं कार्य असो, सूट नाही. वीज सामाईक करायची तर असंच करावं लागेल, आणि ती वही बायकांकडे असावी असं माझं स्पष्ट मत आहे. बचत गटाचा हप्ता बुडवणाऱ्याच्या दारात जाऊन उभं राहण्याची सवय आपल्याला आहे. १९९३ च्या भूकंपानंतर आपल्या भागात काम करणाऱ्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ने खेड्यातल्या बायकांनाच सौर दिवे विकायला शिकवलं. त्यांनी विकले, हिशोबही ठेवला.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे तारा पोचल्यात, दरेवाडीसारखं कशाला? बरोबर आहे. आपल्याला बॅटरीचा फार खटाटोपही नको. सूर्यास्ताआधी जेवणं आटोपणाऱ्या घरात मिक्सर, पाणी, इस्त्री सगळं उन्हातच होतं. पण सध्याची योजना घरागणिक आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार अनुदान मिळतं, मात्र ते पॅनेल बसवायला स्वतःचं, पॅनेल पेलणारं छत हवं. ज्यांचं घर पत्र्याचं, जे भाड्याने राहतात, त्यांनी काय करायचं? आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईंचं बिल तसंच राहणार आणि आपलं शून्यावर येणार, हे मला पटत नाही. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, तिथे १०२ वीजग्राहक सौर विजेवर आले. अख्खं गाव एकदम धरलं म्हणून हे झालं. आपल्याकडे शाळेचं, ग्रामपंचायतीचं, मंगल कार्यालयाचं छत रिकामं तापत असतं. तिथे सामाईक प्रकल्प का नको?

गावात सोलरसाठी ग्रामसभा असली तर जरूर जा. आणि पॅनेल किती किलोवॅटचं हे पुरुषमंडळी विचारतीलच. तुम्ही विचारा: देखभालीचे पैसे कोणत्या खात्यात, त्यावर सह्या कुणाच्या, आणि जमिनीच्या भाडेकरारावर घरातल्या बाईचं नाव आहे का.