विश्लेषण : सलाइनच्या एका बाटलीने दंतोपचार जिवावर कसे बेतले?

दात काढणे किंवा ‘रूट कॅनल’ करणे म्हणजे तासाभराचे काम, फार तर दोन दिवस गाल सुजेल, एवढीच रुग्णाची अपेक्षा असते. तमिळनाडूतील वाणियंबाडी येथील एका दंत चिकित्सालयात उपचार घेतलेल्या काही रुग्णांच्या बाबतीत मात्र हाच उपचार मेंदूच्या संसर्गाचे कारण ठरला. 10 जणांना लागण झाली आणि त्यातील आठ जण दगावले. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, ‘आयसीएमआर’ची चेन्नईतील राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था आणि इतर संशोधकांनी केलेला या प्रकरणाचा शोध 2025 मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या आग्नेय आशियाविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

नेमके काय घडले?

2022-23 मध्ये उत्तर तमिळनाडूतील तिरुपत्तूर व आसपासच्या जिल्ह्यांतून ताप, तीव्र डोकेदुखी, अडखळते बोलणे, धूसर दिसणे आणि झटके अशा तक्रारींचे रुग्ण येऊ लागले. असे 21 रुग्ण आढळले. त्यांच्या पूर्वेतिहासाची छाननी केल्यावर 10 जणांनी एकाच दंत चिकित्सालयात उपचार घेतल्याचे दिसले. तेथे वापरात असलेल्या सलाइनच्या बाटलीतही तोच जिवाणू सापडला. हिरडी हाडापासून सोडवण्यासाठी वापरतात त्या ‘पेरिऑस्टियल एलिव्हेटर’ या उपकरणानेच बाटली उघडली जात होती. नंतर तिच्या तोंडाशी कापसाचा सैलसर बोळा लावून तेच सलाइन पुढच्या रुग्णांची जखम धुण्यासाठी वापरले जात होते.

हा जिवाणू कोणता?

‘बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलाय’ हा माती आणि साचलेल्या पाण्यात आढळणारा जिवाणू. त्यामुळे होणाऱ्या आजाराला ‘मेलिऑइडोसिस’ म्हणतात. 1911 मध्ये तो रंगूनमध्ये प्रथम ओळखला गेला. भारतात दक्षिणेकडील राज्यांत आणि पश्चिम किनारपट्टीवर त्याचे रुग्ण आढळतात. मधुमेहींना त्याचा धोका अधिक. एरवी तो जखमेतून किंवा श्वासावाटे शिरतो आणि फुप्फुसाचा दाह, गळू किंवा रक्तात जंतुसंसर्ग घडवतो. तो कमालीचा चिवट आहे. प्रयोगशाळेत नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्यात तो 16 वर्षे जिवंत राहिल्याची नोंद आहे. त्यामुळे उघड्या सलाइनमध्ये तो मरून जाईल, अशी आशा करण्यात अर्थ नाही.

मृत्यू एवढे का झाले?

या रुग्णांतील जिवाणूमध्ये मज्जासंस्थेवर हल्ला करण्याशी संबंध असलेले एक जनुकीय रूप आढळले. जबड्यातील जखमेजवळून चेहऱ्याच्या संवेदनांची मोठी नस थेट मेंदूकडे जाते. दूषित द्रव अशा जागी दाबाने सोडला गेला, तर जंतूला जवळची वाट मिळते. दंतोपचाराशी संबंध नसलेल्या रुग्णांपेक्षा या गटातील मृत्यूचे प्रमाण कितीतरी जास्त होते.

निदानाचा प्रश्नही आहेच. हा आजार क्षयरोगासारखा भासतो. प्रयोगशाळेत हा जंतू दुसराच कोणी म्हणून नोंदला जाण्याची शक्यता असते. पेनिसिलिन, जेंटामायसिन यांसारखी नेहमीची औषधे त्यावर चालत नाहीत. मेरोपेनेम किंवा सेफ्टाझिडिम शिरेवाटे द्यावे लागते आणि त्यानंतर काही महिने गोळ्या घ्याव्या लागतात. निदानाला लागलेला प्रत्येक दिवस येथे महाग पडतो.

असे अन्यत्र घडले आहे का?

होय. 2013 मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात एका दंतवैद्याकडील ढिसाळ निर्जंतुकीकरण उघड झाल्यावर सुमारे सात हजार रुग्णांना रक्ततपासणी करून घेण्यास सांगावे लागले. एका रुग्णाकडून दुसऱ्याला ‘हिपॅटायटिस सी’ झाल्याचे त्यात सिद्ध झाले. 2016 मध्ये कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे दंतयंत्राच्या नळ्यांतील दूषित पाण्यामुळे सुमारे 70 लहान मुलांना जबड्याचा संसर्ग झाला. ही मुले दातातील संसर्गित गर काढण्याच्या साध्या उपचारासाठी आली होती.

चूक कुठे होते?

उपकरण उकळणे किंवा स्पिरिटने पुसणे म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. काही जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात. त्यासाठी ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालील वाफेने 121 अंश सेल्सिअसला किमान 15 मिनिटे किंवा 134 अंशांना तीन ते चार मिनिटे तापवावे लागते. दात कोरणारा ‘हँडपीस’ही प्रत्येक रुग्णानंतर याच प्रक्रियेतून जायला हवा. गर्दीच्या दवाखान्यात त्यासाठी उपकरणांचे अनेक संच आणि प्रशिक्षित मदतनीस लागतात. खर्च आणि वेळ वाचवण्याचा मोह नेमका इथेच होतो. वाणियंबाडीत तर महागडे यंत्र नसल्याने नव्हे, तर स्वस्तात मिळणारी सलाइनची बाटली पुन्हा पुन्हा वापरल्याने जीव गेले.

कायदा काय सांगतो?

तमिळनाडूत खासगी दवाखान्यांच्या नियमनाचा कायदा 1997 पासून आहे. तरीही हे घडले, कारण नोंदणी झाली म्हणजे तपासणी होतेच असे नाही. महाराष्ट्रात परिस्थिती अधिक सैल आहे. केंद्राचा 2010 चा वैद्यकीय आस्थापना कायदा राज्याने स्वीकारलेला नाही. 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा मुख्यतः खाटा असलेल्या रुग्णालयांसाठी आहे. जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम दंत दवाखान्यांना लागू आहेत, पण ते कचऱ्यापुरते. ‘एनएबीएच’चे मानांकन ऐच्छिक आहे. गल्लीतल्या छोट्या दवाखान्यातील ऑटोक्लेव्ह खरोखर चालतो का, हे नियमितपणे पाहण्याची जबाबदारी प्रत्यक्षात कोणाचीच नाही. नुकसान झाल्यावर रुग्ण ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, मात्र संसर्ग दवाखान्यातूनच झाला हे सिद्ध करण्याचे ओझे बहुतांशी त्याच्यावर पडते.

रुग्णाने काय पाहावे?

उपकरणांचे सीलबंद पाकीट आपल्यासमोर उघडले जाते का आणि त्यावरील निर्देशक पट्टीचा रंग बदललेला आहे का, हे पाहावे. हातमोजे, सुई आणि भुलीच्या औषधाची नळी नवी असावी. शस्त्रक्रियेत वापरायचे सलाइन ताजे उघडलेले असावे. ‘हँडपीस ऑटोक्लेव्ह केला आहे का?’ असे विचारणे हा अविश्वास नव्हे. काळजी घेणारा डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. मधुमेहींनी आपला आजार आधीच सांगावा. उपचारानंतर ताप, वाढती सूज, असह्य डोकेदुखी किंवा बोलण्यात अडखळणे जाणवले, तर तातडीने रुग्णालय गाठावे आणि अलीकडे दातांवर उपचार झाल्याचे तेथील डॉक्टरांना न विसरता सांगावे.

या भीतीने दातांचे उपचार लांबणीवर टाकणे योग्य नाही. दुर्लक्षित दातातील संसर्गही जिवावर बेतू शकतो, आणि नियम पाळणारे दवाखाने मोठ्या संख्येने आहेत. मात्र कोणता दवाखाना नियम पाळतो, हे ओळखण्याचे काम एकट्या रुग्णावर सोडून चालणार नाही. राज्याने दंत दवाखान्यांची नोंदणी आणि नियमित तपासणी सुरू करणे, हाच वाणियंबाडीचा धडा आहे.